बंद डब्यात किडा आला कुठून?

तांदूळ आणला, सुपात पाखडून निवडला, पुसून कोरड्या केलेल्या डब्यात भरला आणि झाकण घट्ट लावलं. महिनाभराने डबा उघडला तर दाण्यांवरून काळपट किडे चालताहेत. मुंगीलाही शिरता येणार नाही अशा डब्यात हे आले कुठून? दर पावसाळ्यात घरोघरी हा प्रश्न पडतो आणि त्याचं ठरलेलं उत्तरही मिळतं : हवा दमट झाली ना, म्हणून झाले.

दमट हवेतून किडा तयार होत नाही. १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेदी याने मांसाच्या बरण्यांवर विरळ कापड बांधून दाखवून दिलं, की माशीने अंडी घातल्याशिवाय मांसात अळ्या होत नाहीत. तांदळालाही तोच नियम लागू आहे. डब्यातल्या प्रत्येक किड्याला आई होती. ती दाण्यापर्यंत कधी पोचली, एवढंच शोधायचं आहे.

१. आधी ओळख करून घेऊ

यांना कुणी सोंडे म्हणतं, कुणी पोरकिडे, कुणी टोके. शास्त्रात या जातीचं नाव सायटोफिलस ओरायझी. लिनियसने १७६३ साली तिची नोंद केली.

एक किडा पांढऱ्या कागदावर घ्या. हात लागताच तो पाय पोटाशी ओढून निपचित पडेल. मेला असं समजून लगेच टाकू नका, जरा थांबा. थोड्या वेळात पाय उलगडतील आणि तो चालू लागेल. धोका वाटला की मेल्याचं सोंग घ्यायचं, ही त्याची जुनी सवय आहे. लांबी जेमतेम दोन ते चार मिलिमीटर, रंग तांबूस तपकिरी ते काळा. भिंग असेल तर पाठीवरच्या कडक पंखांवर चार फिकट तांबूस ठिपके दिसतील. डोकं पुढे निमुळतं होत सोंडेसारखं लांबलेलं असतं आणि त्या सोंडेवर कोपरात वाकलेल्या दोन मिशा असतात. एवढ्या खुणा पटल्या की हा सोंडकिडाच.

घरात धान्याला लागणारा प्रत्येक किडा सोंडकिडा नसतो, हेही इथेच सांगायला हवं. पिठात किंवा रव्यात दिसणारा चपटा तांबडा भुंगेरा वेगळा. मूग, चवळी, हरभऱ्याला गोल भोकं पाडणारा बुटका भुंगेरा त्याहून वेगळा. या दोघांनाही सोंड नसते. सोंडकिडा तांदूळ, गहू, ज्वारी, मका अशा अखंड दाण्यांचा. मोकळ्या पिठात त्याची पिढी वाढत नाही, कारण त्याच्या अळीला भोवती घट्ट काहीतरी लागतं. मॅक्रोनीसारख्या कडक पदार्थात मात्र तो वाढू शकतो.

२. सोंड कशासाठी?

सोंड म्हटलं की आपल्याला नाक आठवतं. इथे तोंडच पुढे आलेलं आहे. सोंडेच्या अगदी टोकाला दोन बारीक जबडे असतात. नर-मादी दोघंही त्यांनी दाणे कुरतडून खातात, पण मादी या जबड्यांनी आणखी एक काम करते आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या कामातच आहे.

मादी दाण्यावर बसते आणि सोंडेने एक खोल, अरुंद भोक पाडते. मग मागे वळून त्या भोकात एक अंडं घालते आणि वर चिकट स्राव सोडते. तो स्राव वाळून कडक होतो, त्याचा रंग दाण्याच्या रंगात मिसळून जातो आणि भोक बुजतं. बोटाला काही लागत नाही, डोळ्याला काही दिसत नाही. असा दाणा सुपात पाखडला तरी वजनात फरक नसल्यामुळे तो इतरांबरोबरच राहतो. कितीही काळजीने निवडलेल्या तांदळात असे दाणे असू शकतात.

म्हणजे किडा डब्यात शिरला नाही, तो दाण्यातून आला. झाकण लावलं तेव्हा तो अंड्याच्या किंवा अळीच्या रूपात आतच होता.

मादी दाण्यापर्यंत कधी पोचली, हे धान्यावर अवलंबून आहे. भाताच्या दाण्याला तुसाचं आवरण असतं. ते अखंड असेल तर सोंडकिड्याचं सहसा काही चालत नाही, तूस उकललेलं असेल तरच आत वाट मिळते. गिरणीत तूस निघालं की दाणा उघडा पडतो आणि मग गोदामात, वखारीत, दुकानातल्या पोत्यात केव्हाही मादी त्याला गाठते. ज्वारी, मका, गहू यांना असं चिलखत नसतं. या जातीचे किडे उडू शकतात, त्यामुळे उष्ण प्रदेशात ते पिकत आलेल्या कणसांपर्यंतही पोचतात आणि धान्य शेतातूनच लागण घेऊन घरी येतं.

सोंडेने भोक पाडून वनस्पतीच्या आत अंडं ठेवायची ही रीत फार यशस्वी ठरली आहे. सोंडकिड्यांच्या कुळात पन्नास हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या प्राणिकुळांत त्याची गणना होते. कोकणात नारळाच्या खोडात शिरून झाड आतून पोखरणारा तांबडा सोंड्या भुंगा याच गणगोतातला. आंब्याच्या कोयीत वाढणारा सोंडकिडाही यातलाच. अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या आंब्यावर २००७ पासून विकिरणाची प्रक्रिया करावी लागते, त्यामागच्या कारणांत हा कोयीतला किडा आहे. फळ बाहेरून निर्दोष दिसतं आणि किडा कोयीत बसलेला असतो, म्हणून नुसत्या तपासणीवर कुणी विसंबत नाही.

३. दाण्याच्या आतला महिना

उबदार, दमट हवेत अंडं साधारण तीन दिवसांत उबतं. बाहेर येणारी अळी पांढरी, जाड आणि बिनपायांची असते. तिला पायांची गरजच नसते. जन्मल्या जागी अन्न, जन्मल्या जागी घर. अठरा दिवसांच्या आसपास ती दाणा आतून खात राहते. या काळात ती चार टप्प्यांत वाढते आणि दर टप्प्याला कात टाकते. मग तिथेच तिचा कोष होतो. सहा दिवसांनी कोषातून किडा तयार होतो, पण तो लगेच बाहेर पडत नाही. अंग कडक होईपर्यंत तीन-चार दिवस दाण्यातच थांबतो आणि मग कवच कुरतडून बाहेर येतो. मागे उरतो तो भोक पडलेला पोकळ दाणा.

बेरीज केली तर साधारण महिना होतो. ‘महिनाभराने डबा उघडला तर किडे’ या अनुभवाचं कारण हे आहे. थंडीत हाच काळ बराच लांबतो. पंधरा अंश सेल्सियसच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. २८ ते ३० अंश आणि दमट हवा त्याला सर्वांत मानवते. दाण्यातला ओलावा नऊ-दहा टक्क्यांच्या खाली गेला तर त्याची वीण होत नाही. दमट हवेचा संबंध इथे येतो. हवा किड्याला जन्म देत नाही. हवेतला ओलावा दाण्यात मुरतो आणि आत आधीच असलेल्या किड्याची वाढ सोपी होते.

दाण्यातली अळी पाहण्यासाठी अभ्यासक धान्याचे क्ष-किरण फोटो काढतात. संवेदनशील मायक्रोफोन लावून तिच्या कुरतडण्याचा आवाजही टिपता येतो. घरी एक सोपी परीक्षा आहे. मूठभर तांदूळ पाण्यात टाका. पोकळ झालेले दाणे वर तरंगतात.

४. पावसाळाभराचा हिशेब

एक मादी आयुष्यात तीनशे-चारशे अंडी घालू शकते आणि किडा साधारण चार-पाच महिने जगतो. आपण हात राखून हिशेब करू.

समजा, जूनच्या सुरुवातीला पाच किलो तांदळात दहा माद्या आहेत. प्रत्येकीने रोज तीन अंडी घातली आणि हे फक्त महिनाभर चाललं, तर अंडी झाली ९००. त्यातली निम्मी वाया गेली असं धरू. उरले ४५० किडे, त्यात माद्या २२५. अंडी घालायचा एक महिना आणि वाढीचा एक महिना धरला तर ऑगस्ट उजाडला. आता या २२५ माद्यांनी त्याच गतीने अंडी घातली तर ती होतात २०,२५०. पुन्हा निम्मी सोडली तरी सप्टेंबरअखेर दहा हजारांहून जास्त किडे तयार होतात.

तांदळाच्या हजार दाण्यांचं वजन सुमारे वीस ग्रॅम धरलं तर पाच किलोत अडीच लाख दाणे असतात. दोन्ही पिढ्या मिळून साडेदहा हजारांवर दाणे पोकळ झाले, म्हणजे दर चोवीस दाण्यांमागे एक. वजनाचं नुकसान दोनशे ग्रॅमच्या घरातलं, पण ते डबाभर पसरलेलं असतं आणि भात खाताना जाणवतं. शिवाय किड्यांच्या विष्ठेतलं युरिक आम्ल धान्यात साठतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनी धान्यातल्या युरिक आम्लाला किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती यासाठीच.

पोत्यांच्या थप्पीत आणखी एक गोष्ट घडते. हजारो किडे श्वास घेतात तेव्हा उष्णता आणि बाष्प दोन्ही बाहेर पडतात. धान्य उष्णता सहजी बाहेर सोडत नाही. मधलं पोतं तापतं, ओलावा एका जागी जमतो, दाणे गठ्ठ्याने चिकटतात आणि बुरशी धरते. गोदामातल्या जाणत्या हमालाला पोत्यात हात घातला की ही ऊब कळते.

५. पिष्टावर जगून काळं कवच येतं कुठून?

सोंडकिड्याबद्दलची मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आता येते.

दाण्यात मुख्यतः पिष्ट असतं, म्हणजे स्टार्च. त्यातून ताकद मिळते. किड्याला मात्र टणक, गडद कवचही घडवायचं असतं आणि त्यासाठी टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल लागतं. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक. तांदळाच्या दाण्यात टायरोसिन आणि ज्यापासून ते तयार होतं ते फेनिलअलॅनिन, दोन्ही तुटपुंजी. मग कवच होतं कशाचं?

ही उणीव किड्याच्या शरीरात राहणारे जिवाणू भरून काढतात. या जिवाणूला सोडॅलिस पिएरँटोनियस असं नाव आहे. सोंडकिड्याच्या शरीरातल्या या पाहुण्यांचं वर्णन १९२७ साली करणाऱ्या इटालियन शास्त्रज्ञ उंबेर्तो पिएरँतोनी यांच्यावरून ते ठेवलं आहे. हे जिवाणू किड्याच्या खास पेशींमध्ये राहतात, मोकळे फिरत नाहीत. आईकडून ते अंड्यातूनच पिल्लाकडे येतात. प्रयोगशाळेत उष्णता देऊन जिवाणूमुक्त केलेले सोंडकिडे जगतात, पण फिके राहतात, सावकाश वाढतात आणि त्यांना नीट उडता येत नाही.

कोषातून किडा तयार होतो त्या सुमारास त्याच्या आतड्याजवळच्या जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते, कारण टायरोसिनची खरी गरज तेव्हाच असते. कवच कडक झालं की किड्याचं शरीर त्या जिवाणूंना नष्ट करतं आणि त्यांच्यातले घटक स्वतःसाठी वापरून टाकतं. फ्रान्समधल्या लिओं इथल्या संशोधकांनी २०१४ साली हे सविस्तर दाखवलं. स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग उतरवून तीच फळी दुसऱ्या कामाला लावतात, तसाच हा प्रकार. मादीच्या अंडाशयातले जिवाणू तेवढे राखले जातात, कारण पुढच्या पिढीला ते द्यायचे असतात.

किडा आणि जिवाणू यांचा हा संबंध फार जुना नाही. जिवाणूच्या जनुकांवरून काढलेला अंदाज सुमारे २८ हजार वर्षांचा आहे. उत्क्रांतीच्या मोजमापात हा काळ अगदी थोडा, तरीही माणसाच्या शेतीपेक्षा जास्त.

६. आपण शेती करण्याआधी तो होता

कोठार माणसाचं, धान्य माणसाचं, म्हणजे हा किडाही माणसामुळेच झाला असं वाटणं साहजिक आहे. पुरावा वेगळं सांगतो. आपल्या सोंडकिड्याचा एक जुळ्यासारखा सख्खा भाऊ आहे, सायटोफिलस झिमेइस, मक्यावरचा सोंडकिडा. बाहेरून पाहून दोघांत फरक करणं जवळजवळ अशक्य. जपानमधल्या तानेगाशिमा बेटावर सापडलेल्या जोमोन काळातल्या मातीच्या भांड्यांमध्ये या भावाच्या शरीराचे ठसे मिळाले. ओल्या मातीत किडे मळले गेले, भांडं भाजताना जळून गेले आणि त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. हे ठसे सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्या वेळी जपानमध्ये भातशेती नव्हती. लोक ओकची फळं, चेस्टनट असल्या रानातल्या बिया गोळा करून साठवत आणि सोंडकिडा त्या बियांवर जगत होता. कुमामोतो विद्यापीठाच्या हिरोकी ओबाता यांनी हे संशोधन पुढे आणलं.

तिसरा भाऊ, गव्हावरचा सायटोफिलस ग्रॅनारियस, थंड प्रदेशातला. त्याला उडता येत नाही. जिथे माणसाचं धान्य जातं तिथेच तो जातो. ब्रिटनमध्ये तो रोमन सैन्याच्या धान्याबरोबर पोचला आणि यॉर्कमधल्या रोमन कोठाराच्या अवशेषांत त्याचे ढीग मिळाले.

यावरून निसर्गातली सोंडकिड्याची जागा स्पष्ट होते. झाडाखाली पडलेल्या बियांपैकी काही रुजतात, बाकीच्या कुणाचं ना कुणाचं अन्न होतात. कडक बी फोडून आत शिरणं सर्वांना जमत नाही. सोंडकिड्याला जमतं. त्याने पाडलेल्या भोकातून मग दुबळ्या जबड्यांचे भुंगेरे, माइट, बुरशी आत जातात आणि बी हळूहळू मातीत मिसळतं. पिठातला तांबडा भुंगेरा अखंड, निरोगी दाण्याला फारसं काही करू शकत नाही. सोंडकिड्याने फोडलेल्या दाण्यावर तो पोसला जातो. किडक्या तांदळात दोन-तीन प्रकारचे किडे एकत्र दिसतात ते यामुळे. रानात बिया विखुरलेल्या असतात, ऋतू सरला की संपतात आणि किड्यांची संख्याही आटोक्यात राहते. आपण मात्र लाखो बिया एका जागी, सावलीत, वर्षभर ठेवतो. त्याने सवय बदललेली नाही, आपण साठा वाढवला. त्याला धान्याचा वैरी म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

७. दाण्यातल्या अळीलाही शोधणारी माशी

दाण्यात लपलेली अळी सुरक्षित असते का? पूर्णपणे नाही. किडलेल्या तांदळाच्या डब्यात कधीकधी दोन-तीन मिलिमीटरच्या, बारीक कंबरेच्या काळ्या माश्या दिसतात. लोकांना तो आणखी एक किडा वाटतो. त्या धान्याला तोंड लावत नाहीत. ॲनिसॉप्टेरोमॅलस कॅलँड्री ही अशीच एक जात, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली. तिची मादी दाण्यांवरून मिशा टेकवत फिरते, आत अळी असलेला दाणा वासावरून हेरते आणि आपली सुईसारखी नळी दाण्याच्या भिंतीतून आत घालते. अळीला डंख करून निश्चल करते आणि तिच्या अंगावर अंडं घालते. त्यातून निघालेलं पिल्लू सोंडकिड्याची अळी खाऊन वाढतं. त्या दाण्यातून काही दिवसांनी सोंडकिड्याऐवजी माशी बाहेर येते. माणसाला ती डसत नाही. साठवणुकीतल्या किडींवर उपाय म्हणून तिचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे.

८. मग करायचं काय?

किडा दाण्याच्या आत वाढतो, हे लक्षात ठेवलं की कोणता उपाय किती चालतो ते आपोआप समजतं.

कडुलिंबाचा पाला उग्र वासाने बाहेरच्या किड्यांना दूर ठेवतो, पण दाण्यातल्या अळीपर्यंत त्याचं काही पोचत नाही. म्हणून लागण होण्याआधी घातलेला पाला उपयोगी, नंतर घातलेला फारसा नाही. एरंडेल तेलाचा हात लावलेल्या दाण्यावर मादीला अंडी घालणं अवघड जातं आणि घातलेली अंडीही गुदमरतात. जुन्या काळी धान्यात राख मिसळत. राखेचे कण किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडतात आणि किडा शरीरातलं पाणी गमावून मरतो. ऊन दाखवल्यावर प्रौढ किडे पळून जातात आणि दाणा वाळतो, हे दोन्ही फायदे खरे. मात्र आतली अळी मरायला दाणा पन्नास अंशांच्या वर तापावा लागतो. तेव्हा एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर पातळ पसरलेल्या धान्याला जो गुण येतो, तो ऑगस्टमधल्या उघडिपीत येत नाही.

शहरी घरासाठी सर्वांत खात्रीचा उपाय फ्रीझर आहे. आणलेला तांदूळ पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवला तर अंडी, अळी, कोष, किडा सगळंच मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटतं. खरोखरच हवाबंद आणि काठोकाठ भरलेल्या डब्यातही किडे मरतात, कारण आतला प्राणवायू तेच संपवतात. आपला स्वयंपाकघरातला डबा मात्र रोज उघडतो आणि अर्धा रिकामा असतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. गोदामात धुरी देण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाला की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. प्रशिक्षित माणसांनी, जागा सीलबंद करून, माणसं बाहेर काढून करायचं ते काम आहे. काही घरांत या गोळ्या धान्याच्या कोठीत टाकतात आणि त्याच खोलीत झोपतात. यात माणसं, लहान मुलं दगावली आहेत. या विषावर नेमका उतारा नाही. किडलेला तांदूळ पाखडून, धुऊन खाता येतो आणि फारच पोकळ झाला असेल तर कोंबड्यांना घालता येतो. त्याच्यासाठी ही गोळी घरात आणू नका, आणि शेजारी कुणी आणत असेल तर त्यालाही सांगा.